धनुष्यबाणाने कॅरिबूची शिकार, आणि आटत चाललेले कळप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अलास्कातल्या फेअरबँक्सला राहतो आणि घरात धनुष्य बाळगतो, एवढं कळलं की प्रश्न सुरू होतात. काही अमेरिकेतल्या मराठी मित्रांचे, ज्यांना खरोखर यायचं असतं. काही पुण्या-नाशकातल्या नातेवाइकांचे, ज्यांना यायचं नसतं, फक्त जाब विचारायचा असतो. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत. नियम अलास्काचे आहेत, कॅनडाचं प्रश्न १७ मध्ये वेगळं दिलं आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे निघण्यापूर्वी अलास्काच्या मासे व वन्यजीव खात्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाचा.

१. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच ना?

हो, प्रजाती एकच. युरोप-आशियात पाळलेले असोत वा रानटी, त्यांना रेनडिअर म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या रानटी जनावराला कॅरिबू. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर साधारण १६० ते १८० किलो भरतो, मादी ८० ते १२० किलोच्या आसपास. हरणांच्या कुळात नर आणि मादी दोघांनाही शिंगं येणारी ही एकच जात. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये ती महागात पडते. हिवाळ्यात त्यांचं मुख्य खाणं लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. बर्फ खुरांनी उकरून ते खातात.

२. कळप घटतायत म्हणजे नक्की किती?

अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेच्या २०१८ च्या आर्क्टिक अहवालात टुंड्रावरच्या स्थलांतरी कॅरिबू-रेनडिअरची एकूण संख्या दोन दशकांत ४७ लाखांवरून २१ लाखांवर आल्याचं म्हटलं होतं. पण एकूण बेरजेवरून फारसं काही कळत नाही, कळपागणिक पाहावं लागतं.

अलास्कातला सर्वांत मोठा होता वेस्टर्न आर्क्टिक कळप. २००३ मध्ये ४ लाख ९० हजार, २०२३ मध्ये १ लाख ५२ हजार. नैर्ऋत्येचा मलचॅटना कळप नव्वदच्या दशकात दोन लाखांच्या घरात होता. २०१९ मध्ये साडेतेरा हजारांवर आला आणि पुढे तिथली शिकार बंद झाली. अँकरेजहून गाडीने गाठता येणारा, म्हणून सगळ्यांचा लाडका नेल्चिना कळप २०१९ मध्ये पन्नास हजारांच्या वर होता, २०२३ मध्ये नऊ हजारांच्या खाली गेला. कॅनडात चित्र याहून वाईट आहे. बॅथर्स्ट कळप १९८६ मध्ये साडेचार लाखांहून जास्त होता, २०२१ च्या मोजणीत सहा हजारांच्या थोडा वर. क्वेबेक-लॅब्राडोरचा जॉर्ज रिव्हर कळप नव्वदच्या सुरुवातीला पाऊण कोटी नव्हे, पण पाऊण दशलक्ष होता. २०१८ मध्ये साडेपाच हजार.

अपवादही आहेत. पॉर्क्युपाइन कळप २०१७ च्या मोजणीत २ लाख १८ हजार होता, म्हणजे शेजारचे कळप कोसळत असताना हा नोंदींतल्या उच्चांकावर होता.

३. एवढी जनावरं मोजतात तरी कशी? आकडे खरे कशावरून?

हे काम डासांच्या भरवशावर चालतं. जुलैच्या सुरुवातीला डास आणि माशा एवढ्या होतात की कॅरिबू जीव वाचवायला एकमेकांना चिकटून हजारोंच्या झुंडी करतात, वाऱ्याच्या कड्यावर नाहीतर उरलेल्या बर्फावर उभे राहतात. काही माद्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे असतात, त्यावरून झुंडी सापडतात. विमानातून फोटो काढले जातात आणि नंतर फोटोतलं एकेक जनावर मोजलं जातं. उन्हाळा थंड आणि वाऱ्याचा निघाला, झुंडी बनल्या नाहीत, तर त्या वर्षी मोजणीच होत नाही. म्हणून कुठल्याही कळपाचे दर वर्षाचे आकडे मिळत नाहीत, आणि म्हणूनच दोन मोजण्यांच्या मध्ये कळप निम्मा झाला तरी ते उशिरा कळतं. आकडा अंदाजच असतो, त्याला वर-खाली वाव असतो. पण दोन लाखांचे तेरा हजार होणं ही मोजणीची चूक नसते.

एक गुंता मात्र आहे. जनावरं कळप बदलतात. डाल्टन हायवेच्या बाजूचा सेंट्रल आर्क्टिक कळप २०१० मध्ये ७० हजारांच्या आसपास होता, २०१६ मध्ये २३ हजारांच्या खाली. त्यातली बरीच मेली, पण काही शेजारच्या कळपांत मिसळली असंही जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. नंतर तो तीस हजारांच्या आसपास सावरला.

४. मग हे शिकाऱ्यांनीच संपवले ना?

नाशिकच्या आत्याचा हा आवडता प्रश्न. थोडक्यात उत्तर: घसरण शिकारीने सुरू झाली नाही, पण घसरलेल्या कळपाला शिकार आणखी खाली ढकलू शकते.

लांबलचक उत्तर असं. हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो, तो बर्फावर गोठतो आणि लायकेनवर काचेसारखा थर बसतो. खूर आपटून तो फुटत नाही. पूर्वीही हे क्वचित व्हायचं, आता वारंवार होतं. वसंत उशिरा आला तर गाभण माद्या थकलेल्या अवस्थेत वितात. उन्हाळा तापला की किडे वाढतात, चरायचं सोडून जनावर पळत राहतं, हिवाळ्यासाठी चरबी साठत नाही. रानवणव्यात जळालेलं लायकेन परत यायला अनेक दशकं लागतात. टुंड्रावर झुडपं उंच होतायत, त्यामागे मूस (हरणांतली सर्वांत मोठी जात) येतात, मूसमागे लांडगे. शिवाय रस्ते आणि खाणी. रेड डॉग खाणीच्या रस्त्यापाशी पट्टे घातलेल्या कॅरिबूंपैकी सुमारे ३० टक्के जनावरं साधारण महिनाभर अडखळली, असं एका अभ्यासात दिसलं. तो रस्ता जेमतेम ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरचा. त्याच वेस्टर्न आर्क्टिक कळपाच्या वाटेवर खाणींसाठीचा २११ मैलांचा अ‍ॅम्बलर रस्ता २०२४ मध्ये नाकारला गेला आणि २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर मंजूर झाला, म्हणून इथे त्यावर एवढं तापलेलं वातावरण आहे.

या सगळ्यात निर्णायक आकडा एकच, प्रौढ माद्या किती जगतात. पाडसं एखाद्या वर्षी मेली तरी कळप तरतो. माद्या मरायला लागल्या की नाही. त्यामुळे 'शिकार की हवामान' या वादापेक्षा 'कोणी मादी मारली का' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

५. पण म्हातारे सांगतात, कॅरिबू येतात नि जातात. हे चक्रच आहे ना?

चक्र आहेच. वेस्टर्न आर्क्टिक कळप १९७० मध्ये २ लाख ४२ हजार होता, १९७६ मध्ये ७५ हजार झाला आणि तिथून २००३ चा उच्चांक गाठला. इनुपियात आणि ग्विचिन या इथल्या मूळ जमातींच्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत अशी भरती-ओहोटी आहे. म्हणून 'संपले' म्हणायची घाई मी करत नाही.

पण हा युक्तिवाद मला जास्त करून शिकारीचा हंगाम बंद होऊ नये म्हणणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतो, आणि तिथे तो पोकळ वाटतो. सत्तरच्या दशकात कळप सावरला तेव्हा शिकारीवर कडक मर्यादा आणल्या होत्या, आणि हिवाळ्यातला पाऊस एवढा नेहमीचा नव्हता. शिवाय एकाच वेळी इतके कळप खाली जाणं हे जुन्या चक्रात सहसा बसत नाही. कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने, कोसेविकने, २०१६ मध्ये टुंड्रावरच्या कॅरिबूला 'धोक्यात' ठरवलं, ते चक्र माहीत असूनच.

६. घटतायत तर सरसकट बंदी का नाही?

कारण कळप एक नाही. एकट्या अलास्कात तीसेक कळप आहेत आणि प्रत्येकाची स्थिती वेगळी. बंदी कळपावर येते: मलचॅटना बंद, नेल्चिनाची शिकार २०२३ मध्ये बंद केली. जिथे चालू आहे तिथे बहुधा नरांपुरती, कारण थोडे नरही अनेक माद्यांना पुरतात. वेस्टर्न आर्क्टिकच्या व्यवस्थापन आराखड्यात दर शंभर माद्यांमागे किमान तीस नर ठेवायचं धोरण आहे.

आता उलटा अपवाद, जो भारतातल्या वाचकाला पटायला जड जातो. फोर्टीमाईल कळप सत्तरच्या दशकात सहा हजारांवर आला होता. लांडग्यांवर नियंत्रण, शिकारीत कपात असं करत करत तो २०१७ मध्ये ८४ हजारांवर गेला. मग जनावरं बारीक दिसू लागली, चराई अपुरी पडत होती. खात्याने मुद्दाम परवाने वाढवले, कळप कमी करायला. पुढची काही वर्षं हवामानानेही झोडपलं आणि तो चाळीस हजारांच्या आसपास आला. बरोबर केलं की चूक, यावर फेअरबँक्सच्या कुठल्याही चहा-कॉफीच्या टेबलावर आजही भांडण लागतं. माझ्या मते परवाने वाढवणं समर्थनीय होतं, पण ते थांबवायला उशीर झाला.

मलचॅटनासाठी राज्याने २०२३ च्या वसंतात हेलिकॉप्टरमधून ९४ तपकिरी अस्वलं मारली. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारच्या विरोधात निकाल लागला. मादी का मरते हे ठरवण्याआधी अस्वल मोजूनही न घेता मारायचं, हे मला पटलेलं नाही.

७. बंदूक हातात असताना धनुष्य कशाला? हौस?

हौस असते, पण मुख्य कारण एक रस्ता आहे. डाल्टन हायवे. १९७४ मध्ये तेलवाहिनीसाठी बांधलेला हा ४१४ मैलांचा, बराचसा खडीचा रस्ता फेअरबँक्सच्या उत्तरेपासून पार उत्तरेच्या डेडहॉर्स या तेलवसाहतीपर्यंत जातो. युकॉन नदीच्या उत्तरेला या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांच्या पट्ट्यात मोठ्या प्राण्यांची शिकार फक्त धनुष्यबाणाने करता येते. बंदूकवाल्याला पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, चालत पट्ट्याबाहेर जावं लागतं आणि मांस पाठीवर घेऊन परत यावं लागतं. पट्ट्यात चारचाकी एटीव्ही वगैरे रस्त्याबाहेर नेता येत नाहीत.

आठ किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. तिथे जमीन म्हणजे कापूसगवताचे गुडघाभर उंच झुपके, मधे पाणी. झुपक्यावर पाय ठेवला तर तो लवंडतो, मधे ठेवला तर बूट भरतो. त्यामुळे विमान भाड्याने घेणं न परवडणारा सामान्य माणूस धनुष्य उचलतो. ऑगस्टमध्ये गॅलब्रेथ तलावापासून फ्रँकलिन ब्लफ्सपर्यंत रस्त्याकडेला गाड्यांची रांग दिसते, आणि एकाच नराच्या मागे तीन बाजूंनी तीन धनुर्धारी रांगताना पाहिले की हौस उतरते.

८. धनुष्याची शिकार निसर्गाला धरून असते, म्हणून घटत्या कळपातही चालते, बरोबर?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. हत्यार कोणतं, यावरून शिकार योग्य ठरत नाही. कळप कोणता आणि जनावर कोणतं, यावरून ठरते. धनुर्धाऱ्यांना यश कमी मिळतं, त्यामुळे एकूण मारलेल्या जनावरांत त्यांचा वाटा लहान असतो, हे खरं. पण जखमी होऊन हाती न लागलेलं जनावर त्या हिशेबात येत नाही (प्रश्न १२). नऊ हजारांच्या कळपातली एक मादी बाणाने मेली काय नि गोळीने काय, कळपाला फरक पडत नाही.

९. परवाना, प्रमाणपत्र, पैसे? आणि काका, मी एच-१बी वर टेक्सासात आहे, मला चालेल का?

अलास्कात धनुष्याने मोठा प्राणी मारायचा तर धनुर्शिकारीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. डाल्टनच्या पट्ट्यात ते खिशात असायलाच हवं. त्यात लेखी भाग आहे आणि नेमबाजीची चाचणी. राज्याबाहेरच्या अमेरिकनांसाठी वर्षाचा शिकार परवाना १६० डॉलर, वर कॅरिबूचा धातूचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायचा बिल्ला, ६५० डॉलर. शिवाय हार्वेस्ट तिकीट (शिकारीच्या नोंदीचा कागद), आणि शिकार झाली वा न झाली तरी अहवाल. तो अहवाल भरायचा कंटाळा करू नका, त्यावरच पुढच्या वर्षीचे निर्णय होतात.

अमेरिकन नागरिकाला कॅरिबूसाठी गाइड सक्तीचा नाही. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला मात्र प्रत्येक मोठ्या प्राण्यासाठी अलास्काचा परवानाधारक गाइड सोबत असावाच लागतो, आणि त्याचे दरही वेगळे: परवाना ६३०, कॅरिबूचा टॅग ८५० डॉलर. म्हणजे भारतातून थेट येऊन डाल्टनवर एकट्याने शिकार करणं शक्य नाही. ग्रीन कार्ड किंवा कामाच्या व्हिसावर अमेरिकेत राहणारे कोणत्या गटात बसतात, हे आपली कागदपत्रं दाखवून खात्याकडून लेखी उत्तर घ्या. माझ्या सांगण्यावर जाऊ नका, रस्त्यावर वन्यजीव पोलीस माझं नाव विचारणार नाही.

१०. कोणतं धनुष्य? आणि उघड्या टुंड्रावर जवळ जाणार कसं?

कॅरिबूसाठी कायद्याने किमान ४० पौंड ओढीचं धनुष्य, किमान २० इंच लांबीचा आणि एकूण ३०० ग्रेन वजनाचा बाण, त्याला धारदार पात्याचं ब्रॉडहेड. कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं), रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), लाँगबो (साधं लांब) सगळी चालतात. क्रॉसबो (बंदुकीसारखा चाप असलेलं आडवं धनुष्य) मात्र धनुष्यासाठी राखलेल्या पट्ट्यात चालत नाही. अपंगत्वासाठीचा खास परवाना असेल तर गोष्ट वेगळी. नवशिक्याने कंपाउंड घ्यावं. आणि सराव मैदानावर उभ्याने नव्हे, गुडघ्यावर बसून, जॅकेट घालून, वाऱ्यात करावा.

जवळ जाण्याबद्दल. चरत चरत चालणारा कॅरिबू आरामात चालतोय असं वाटतं, पण त्याच्या मागे लागलात की कळतं, तुम्ही धावताय आणि तो अजून चालतोच आहे. मागून कधीच गाठता येत नाही. दुर्बिणीने तो कुठे चाललाय ते बघायचं आणि त्याच्या पुढे, वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशा जागी जाऊन पडायचं. डाल्टनच्या कडेने वाहणाऱ्या सॅग नदीच्या काठची विलोची कमरेएवढी झुडपं, ओढ्याची घळ, एखादा उंचवटा, एवढाच आडोसा. नजर त्याची फार तेज नाही, नाक आहे. हालचाल थांबवली की तो कधी कधी कुतूहलाने दोन पावलं पुढेही येतो. शांत हवेत कळप जवळून गेला तर पायांतल्या कंडरांचा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचा) टक-टक आवाज ऐकू येतो. तो आवाज येण्याइतका जवळ आला म्हणजे अंतर पुरेसं कमी झालंय. तीस मीटरपर्यंत थांबा. पन्नास मीटरवरून मारणारे आहेत, पण टुंड्राच्या वाऱ्यात पन्नासवर बाण कुठे जाईल हे तेही छातीठोक सांगत नाहीत.

ड्रोनने शोधणं बेकायदा, मित्राने फोन-रेडिओवरून 'डावीकडे वळ' सांगणं बेकायदा, रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे बाण मारणं बेकायदा. छोट्या विमानाने उतरलात तर त्या दिवशी शिकार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच.

११. दोघांनाही शिंगं असतात, मग नर ओळखायचा कसा?

मोठा नर ओळखायला कोणी लागत नाही: सप्टेंबरमध्ये मानेवर पांढरी आयाळ, मागे वळून पुढे झेपावणारी शिंगं. घोटाळा होतो तो कोवळ्या नरात आणि प्रौढ मादीत. दोघांचीही शिंगं बारीक, अंग सारखंच. शिंगं सोडा, मागून बघा. मादीच्या शेपटीखाली पांढऱ्या ठिपक्यात काळसर डाग असतो, नराला नसतो. बाजूने पाहिलं तर नराच्या पोटाखाली शिश्नाचा उंचवटा आणि केसांचा झुपका दिसतो. दुर्बिणीतून हे दिसल्याशिवाय बाण ओढायचा नाही. झुंड गोंधळलेली असेल, जनावरं एकमेकांआड येत असतील, तर सोडून द्या. नरापुरत्या हंगामात मांस आणताना लिंगाचा पुरावाही त्याला जोडलेला ठेवावा लागतो.

१२. बाणाने जनावर हालहाल होऊन मरतं का?

चांगल्या बसलेल्या बाणाने नाही. बाण गोळीसारखा धक्का देत नाही, तो कापतो आणि रक्तस्रावाने मारतो. दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर जनावर बहुधा मिनिटाच्या आत, शंभरेक मीटरच्या आत खाली बसतं. काही वेळा ते दचकतं, चार पावलं जातं आणि परत चरायला लागतं, कारण काय झालं हेच त्याला कळलेलं नसतं.

वाईट बसलेला बाण मात्र गोळीपेक्षा वाईट. पोटात लागला तर तास-तास जातात. तेव्हा उठून मागे धावायचं नाही. दुर्बिणीने नजर ठेवायची, बसू द्यायचं, मग जायचं. उघड्या टुंड्राचा हा एक फायदा, जनावर डोळ्यांआड सहज होत नाही. आणि जखमी करून गमावलं तर आपला कोटा संपला असं मानून धनुष्य पेटीत घालायचं. कायदा कॅरिबूच्या बाबतीत हे सगळीकडे सक्तीने सांगत नाही, पण घटत्या कळपात दुसरा टॅग वापरायला जाणाऱ्याबरोबर मी पुन्हा गाडीत बसत नाही.

१३. नुसतं शिंगांचं डोकं घेऊन यायचं असतं का?

अलास्कात तो गुन्हा आहे. मान, छाती, बरगड्या, चारही पाय, पाठीच्या दोन्ही पट्ट्या, आतलं कोवळं मांस, सगळं आणावं लागतं, आणि शिंगं मांसाच्या आधी हलवता येत नाहीत. काही भागांत मांस हाडासकट आणायची सक्ती आहे. मोठ्या नराचे रस्त्यापर्यंत चार-पाच हेलपाटे होतात. ऑगस्टमध्ये माशा असतात, म्हणून हवा जाईल अशा कापडी पिशव्या, सावली आणि वारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलंत की मांस उबून सडतं. ऑक्टोबरच्या माजात आलेल्या म्हाताऱ्या नराच्या मांसाला असा वास येतो की कुत्रंही विचार करतं, ऑगस्ट-सप्टेंबरच उत्तम.

१४. मटणासारखं शिजतं का? आणि त्यात किडे असतात म्हणे?

मटणापेक्षा कोरडं, चरबी जवळजवळ नाही. मांडीचं मांस दह्यात-आल्यालसणात रात्रभर ठेवून, तेल जरा सढळ हाताने घालून काळ्या मसाल्याचा रस्सा करा. कुकरला शिट्ट्या बेताने. पाठीच्या पट्टीचा रस्सा करणं हा गुन्हा समजावा, ती तव्यावर तुपात परतायची.

किडे असतात. वॉर्बल माशीच्या अळ्या कातडीखाली, दुसऱ्या एका माशीच्या अळ्या नाकात-घशात. दिसायला किळसवाणं, खायला धोका नाही. स्नायूंत तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात, नीट शिजवलं की झालं. खरी काळजी ब्रुसेलोसिसची: सुजलेले सांधे, सुजलेली वृषणं दिसली तर हातमोजे घाला, त्या भागाला सुरी लावू नका आणि खात्याला कळवा. अर्धकच्चं खायची हौस इथे नको.

१५. रस्त्यावर काय जपायचं? अस्वलं?

अस्वलं आहेत, आणि कापलेल्या मांसाकडे येतात. मांस तंबूपासून लांब, उघड्यावर, दुरून दिसेल असं ठेवा. अस्वलाचा स्प्रे विमानात नेता येत नाही, फेअरबँक्सला विकत घ्या. पण डाल्टनवर जास्त धोका ट्रकचा आणि पंक्चरचा. कोल्डफूट ते डेडहॉर्स २४० मैल पेट्रोल नाही, फोन नाही. दोन स्टेपन्या, सीबी रेडिओ, आणि ट्रक दिसला की वेग कमी करून बाजूला. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना खडीच्या रस्त्यावर मनाई असते, करार वाचा.

१६. तिथल्या मूळ लोकांना बाहेरचे शिकारी चालतात का?

गावागणिक, माणसागणिक उत्तर वेगळं. पण पार्श्वभूमी माहीत असावी. कोबुक नदीवरच्या ओनियन पोर्टेजला, जिथे कॅरिबू नदी ओलांडतात, माणूस हजारो वर्षं कॅरिबू मारतोय. धनुष्यही इथे परकं नाही: लाकडाच्या वा शिंगाच्या धनुष्याला पाठीवर स्नायूंच्या दोऱ्या बांधून बळकटी द्यायचे, आणि दगडांच्या रांगा रचून कॅरिबूंना लपलेल्या धनुर्धाऱ्यांकडे किंवा पाण्यात वळवायचे. बंदूक आल्यावर ते मागे पडलं. आज तिथे दुकानातलं गोमांस विमानाने येतं आणि किंमत डोळे पांढरे करणारी असते. कॅरिबू हेच घरचं मांस. कळप घसरल्यावर वेस्टर्न आर्क्टिकच्या भागात स्थानिकांची मर्यादा दिवसाला पाचवरून २०२४ मध्ये वर्षाला पंधरा झाली, त्यात मादी एकच. ज्यांच्या चुलीवर ही कपात आली, त्यांच्या डोक्यावरून शिंगांसाठी आलेल्यांची विमानं घिरट्या घालतात, तेव्हा राग येणारच.

त्यांचा एक नियम बाहेरच्यांनीही पाळावा: स्थलांतराची पहिली जनावरं जाऊ द्यायची. पुढच्यांनी वाट घेतली की मागची झुंड त्याच वाटेने येते. पुढच्यांनाच बुजवलं तर सगळा कळप दुसरीकडून निघून जातो आणि गाव उपाशी राहतं.

१७. अलास्काऐवजी कॅनडा?

क्वेबेकची प्रसिद्ध शिकार विसरा. लीफ रिव्हर कळपाची हौशी शिकार २०१८ मध्ये बंद झाली, लॅब्राडोरमध्ये जॉर्ज रिव्हरवर २०१३ पासून बंदी. बॅथर्स्टवर बाहेरच्यांना २०१० पासून दार बंद आहे, आणि पुढे मूळ रहिवाशांनाही. युकॉन, मॅकेंझी पर्वत, न्यूफाउंडलंड बेट इथे परवानाधारक आउटफिटरमार्फत शिकार होते, पण ते डोंगरातले वा जंगलातले कॅरिबू, टुंड्राचे नव्हेत. जुन्या जाहिराती अजून फिरतात, तारीख बघा.

१८. शिंगं भारतात आणता येतील का?

नाद सोडा. प्राण्यांच्या अवयवांच्या आयातीवर भारतात कडक निर्बंध आहेत, मांसाला वेगळी पशुवैद्यकीय परवानगी लागते, आणि मुंबई विमानतळावर कस्टमच्या माणसाला कॅरिबू नि बारशिंगा यांतला फरक समजावत उभं राहायची वेळ येईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या देशात भिंतीवरचं शिंग ही तशीही मिरवायची गोष्ट नाही.

१९. तू स्वतः आत्ता कुठल्या कळपामागे जाशील?

डाल्टनवर, सेंट्रल आर्क्टिकमध्ये, एका नरासाठी, तेही त्या वर्षीची मोजणी आणि मर्यादा पाहून. नेल्चिना पुन्हा उघडला तरी काही वर्षं नाही. तिथल्या परवान्यावर ज्यांचं फ्रीजर अवलंबून आहे त्यांनी आधी जावं. वेस्टर्न आर्क्टिकमध्ये अजिबात नाही, कारण प्रश्न १६.

२०. पुस्तिकेत हंगाम चालू लिहिलाय, पण मित्र म्हणतो बंद झाला. कोण खरं?

बहुधा मित्र. खातं मधेच 'इमर्जन्सी ऑर्डर' काढून हंगाम बंद करू शकतं, आणि तो आदेश छापील पुस्तिकेच्या वरचढ असतो. संघराज्याच्या जमिनीवर वेगळं मंडळ वेगळे नियम लावतं, त्यामुळे एकाच नदीच्या एका काठावर शिकार चालू आणि दुसऱ्या काठावर बाहेरच्यांना बंद, असंही होतं. निघायच्या आदल्या दिवशी खात्याच्या त्या भागातल्या कार्यालयात फोन करा, शिकार-क्षेत्राचा क्रमांक सांगून विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव-तारीख टिपून ठेवा. विमानवाल्याला किंवा गाइडला अनामत देण्याआधी हंगाम मधेच बंद झाला तर पैसे परत मिळणार का, हे ईमेलवर लिहून घ्या; तोंडी 'होऊन जाईल' वर माझ्या ओळखीच्या दोघांचे पैसे अडकून आहेत.